काउंटी रोडवर घर घेताना

१९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून पुणे आणि कमिन्स कंपनीचं मूळ गाव, इंडियानातलं कोलंबस, यांच्यात इंजिनिअरांची ये-जा आहे. यातली काही कुटुंबं कोलंबसलाच स्थिरावतात आणि मग घर शोधायला लागतात. शहरात मनासारखं घर मिळत नाही, मिळालं तर अंगण नसतं. तेवढ्यात एजंट पंधरा-वीस मिनिटांवरचं एक घर दाखवतो. तीन एकर जमीन, मागे मक्याचं शेत, एक लाल कोठार आणि किंमत शहरातल्या घराएवढीच. मिडवेस्टमधल्या मराठी घरांत या ना त्या रूपात हा प्रसंग येतोच, मग गाव इंडियानातलं असो, ओहायोतलं असो की इलिनॉयमधलं.

हा लेख त्या तीन एकरांवर सही करण्याआधी वाचायचा आहे. उदाहरणासाठी एकच टाउनशिप घेतली आहे: कोलंबसच्याच बार्थोलोम्यू काउंटीच्या ईशान्य भागातली हॉ क्रीक. काउंटीतल्या बारा टाउनशिपांपैकी ही एक. होप हे छोटं गाव तिच्यात येतं. मोरेव्हियन पंथाच्या ख्रिश्चनांनी ते १८३० मध्ये वसवलं. आजूबाजूला मका, सोयाबीन आणि विखुरलेली घरं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. शहरात घर घेतलं की पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ता, अग्निशमन हे सगळं त्याच्याबरोबर येतं आणि तक्रार करायला एकच नगरपालिका असते. टाउनशिपमध्ये यातली प्रत्येक सोय वेगळ्या संस्थेकडे असते, प्रत्येकीची हद्द वेगळी असते आणि दोन-तीन सोयी तर तुमच्या स्वतःच्याच गळ्यात असतात. म्हणून प्रत्येक सोयीबद्दल विचारायचा प्रश्न एकच: हे कोण करतं?

चौकोनांचा नकाशा

ओहायो नदीपलीकडचा प्रदेश विक्रीसाठी चौकोनांत मोजायचा, असं १७८५ च्या जमीन अध्यादेशाने ठरवलं. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा. त्याला सेक्शन म्हणतात. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात आणि पुढच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात, शेतात नांगराची तासं पडत जावीत तसे. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असे.

हे गणित आजही तुमच्या खरेदीखतात भेटतं. 'सेक्शन अमुकच्या वायव्य चतुर्थांशाचा नैऋत्य चतुर्थांश' अशा अर्थाचं वर्णन दिसलं की मूळ इंग्रजी वाक्य शेवटाकडून वाचायचं. सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा वायव्य चतुर्थांश १६० एकरांचा आणि त्याचा नैऋत्य चतुर्थांश ४० एकरांचा. तुमचे तीन एकर या चाळीसांतून कापलेले असतात. नेमके कुठून कापले, ते फूट आणि कोन देऊन पुढे लिहिलेलं असतं. जुन्या कुंपणावर किंवा झाडांच्या रांगेवर विसंबू नका, सर्व्हेअरकडून खुणा घालून घ्या.

मोजणीची टाउनशिप आणि कारभाराची टाउनशिप यांचं नाव एक असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदावरचा चौकोन, दुसरी निवडून आलेल्या लोकांची संस्था. दोघींच्या सीमा कुठे जुळतात, तर कुठे नदी किंवा जुनी वाट आडवी आल्यामुळे जुळत नाहीत.

रस्तेही बहुतेक सेक्शनच्या कडांवरून जातात, त्यामुळे साधारण मैलामैलावर चौक येतो. इंडियानातल्या बहुतेक काउंटींमध्ये रस्त्यांना नावांऐवजी आकडे असतात. काउंटी रोड ४०० नॉर्थ म्हणजे काउंटीच्या आधाररेषेपासून चार मैल उत्तरेला असलेला, पूर्व-पश्चिम धावणारा रस्ता. ४५० नॉर्थ म्हणजे साडेचार मैलांवरचा. घराचा क्रमांक ३२५० ईस्ट असेल, तर घर मधल्या उभ्या रेषेपासून सव्वातीन मैल पूर्वेला आहे. ही पद्धत एकदा डोक्यात बसली की फोनला रेंज नसली तरी आपण कुठे आहोत आणि घर किती लांब आहे, हे पाटी पाहून सांगता येतं.

पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींजवळ येत जातात. मोजणी करणाऱ्यांनी तो फरक ठरावीक अंतरावर दुरुस्त केला. म्हणून मैलोन् मैल सरळ जाणारा रस्ता कुठेतरी एकाएकी बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. रात्री धुक्यात अशा वळणावर गाडी थेट शेतात जाते. नव्या घराच्या वाटेवर अशी वळणं कुठे आहेत, ते दिवसाउजेडी पाहून ठेवा.

पत्त्यातलं गाव आणि खरी हद्द

पत्त्यात होपचं नाव आलं म्हणजे घर होपच्या हद्दीत आहे, असं मुळीच नाही. पत्त्यातलं गाव हे टपाल कुठल्या ऑफिसातून वाटलं जातं त्याचं नाव असतं. गावाच्या हद्दीबाहेरच्या घराला गावाचं पाणी, गावाचे पोलीस, गावाचा बर्फाचा नांगर यांतलं काहीच मिळत नाही, आणि गावाचा करही लागत नाही.

खरी हद्द कळण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, काउंटीच्या संकेतस्थळावरचा जमिनींचा नकाशा. त्यात तुकड्यावर बोट ठेवलं की मालक, क्षेत्रफळ, टाउनशिप आणि बरंच काही दिसतं. दुसरा मार्ग त्याहून चांगला: विकणाऱ्याकडून मालमत्ता कराचं शेवटचं बिल मागून घ्या. काउंटी, टाउनशिप, शाळा, ग्रंथालय अशा ज्या संस्था त्या जमिनीवर कर लावतात, त्या सगळ्या त्यावर ओळीने दिसतात. कोणाला पैसे जातात ते पाहिलं की कोणाकडे हक्काने काय मागायचं, ते कळतं.

इंडियानात हा कर १० मे आणि १० नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत भरतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या करावर मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा आहे. इतर निवासी मालमत्तेला आणि शेतजमिनीला २ टक्क्यांची. मात्र 'राहतं घर' या सवलतीत घर आणि त्याभोवतालची एक एकर एवढंच धरतात. तीन एकर घेतलेत तर उरलेले दोन वेगळ्या हिशेबात जातात. ही सवलत आपोआप मिळेल असं धरून चालू नका. खरेदीच्या वेळच्या कागदांतच तिचा अर्ज आहे ना ते बघा, आणि काउंटी ऑडिटरच्या कार्यालयात नोंद झाल्याची खात्री करून घ्या.

शाळेची हद्द तर आणखी निराळी. बार्थोलोम्यू काउंटीचा बहुतेक भाग कोलंबसच्या मोठ्या शाळा-संस्थेकडे आहे. फ्लॅट रॉक आणि हॉ क्रीक या टाउनशिपा मात्र वेगळ्या छोट्या संस्थेत आहेत आणि तिथली मुलं होपजवळच्या हाउझर शाळेत जातात. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं दोन वेगळ्या पिवळ्या बसमध्ये चढू शकतात. छोट्या शाळेत मुलाला शिक्षक नावाने ओळखतात, संघात खेळायला मिळतं. मोठ्या शाळेत वरच्या वर्गांना विषयांची निवड जास्त असते. तुमच्या मुलाला काय हवं ते तुम्ही ठरवा, पण घर घेण्याआधी ठरवा.

ट्रस्टीचं ऑफिस काय करतं, काय नाही

टाउनशिप म्हणजे ग्रामपंचायत असं समजून गेलात तर निराश व्हाल. इंडियानातल्या सगळ्या ९२ काउंटींमध्ये टाउनशिपा आहेत. प्रत्येकीत चार वर्षांसाठी निवडून दिलेला एक ट्रस्टी आणि बहुतेक ठिकाणी तीन जणांचं मंडळ असतं. कामं मोजकी: अडचणीतल्या रहिवाशांना भाडं, वीजबिल यांसाठी तातडीची मदत, गावाच्या हद्दीबाहेरच्या अग्निशमनाची सोय, जुन्या दफनभूमींची देखभाल, शेतांच्या हद्दीवरच्या कुंपणाचे वाद आणि त्रासदायक तणांचा बंदोबस्त. रस्ते इथे काउंटीकडे असतात. खड्ड्याची तक्रार घेऊन ट्रस्टीकडे गेलात तर तो चहा पाजेल, पण खड्डा बुजवणार नाही.

राज्य बदललं की ही वाटणीही बदलते. ओहायोत तीन ट्रस्टी आणि एक वित्त अधिकारी असतो आणि टाउनशिपचे रस्ते टाउनशिपच सांभाळते. इलिनॉयमध्ये रस्त्यांसाठी स्वतंत्र हायवे कमिशनर निवडतात आणि एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी टाउनशिपची वार्षिक सभा भरते. मिनेसोटात अशी सभा मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी असते. मिशिगनमध्ये टाउनशिप मालमत्तेचं मूल्य ठरवते, कर गोळा करते, निवडणुकाही घेते, पण ग्रामीण रस्ते काउंटीच्या रोड कमिशनकडे असतात. आयोवात टाउनशिपचं काम अग्निशमन, दफनभूमी आणि कुंपणापुरतं उरलं आहे. एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात वापरू नका.

सभा सगळ्यांना खुल्या असतात, तिथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. तुमच्या शेजारच्या शेतात सौर प्रकल्प किंवा डुकरांचे गोठे येणार असतील, तर काउंटीच्या नियोजन मंडळापुढच्या सुनावणीत व्हिसावर असलेल्या घरमालकालाही बोलता येतं. मतदानाचं मात्र तसं नाही. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. नागरिक नसाल तर तिथे स्पष्ट 'नाही' लिहा. चुकून झालेली नोंदणीही पुढे ग्रीन कार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या वेळी महागात पडू शकते.

बोअरचं पाणी

गावाबाहेरच्या अनेक घरांना स्वतःची बोअर असते. अमेरिकेचे पिण्याच्या पाण्याचे संघीय नियम खासगी बोअरला लागू नाहीत. ते पाणी तपासणारे फक्त तुम्हीच.

वर्षातून एकदा कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट यांची तपासणी करावी. खरेदीआधी त्यात आर्सेनिकही घाला, मिडवेस्टच्या काही भागांत ते भूजलात नैसर्गिकरीत्या सापडतं. नायट्रेट शेतातल्या खतातून आणि सेप्टिकमधून झिरपतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते घातक ठरू शकतं, त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी होते. पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. आजीच्या 'उकळून पाज' या सल्ल्याला इथे अपवाद करावा लागतो.

अहवाल वाचताना एकक बघा. अमेरिकेतली मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रेटमधल्या नायट्रोजनच्या हिशेबाने. भारतीय मानकातली ४५ ही मर्यादा पूर्ण नायट्रेटच्या हिशेबाने आहे. दोन्ही जवळजवळ एकच. अहवालात ३० आकडा दिसला तर तो कुठल्या हिशेबाचा, हे विचारल्याशिवाय घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका.

पाणी बहुधा जड असतं. पहिली तक्रार स्वयंपाकघरातून येते: तुरीची डाळ शिजत नाही. दुसरी, नळांवर आणि भांड्यांवर पांढरे डाग. पाणी मृदू करणारं यंत्र बसवतात, त्यात मिठाच्या गोण्या ओतत राहाव्या लागतात. त्यातून आलेल्या पाण्यात सोडियम वाढतं, म्हणून रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांसाठी स्वयंपाकघरातला एक नळ यंत्राला वळसा घालून घेतात किंवा सिंकखाली पिण्याच्या पाण्याचा वेगळा फिल्टर बसवतात. आणि लक्षात ठेवा, बोअरचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की नळही कोरडे आणि फ्लशही बंद. दहा-पंधरा गॅलन पाणी भरून ठेवायची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडते.

सेप्टिक आणि आपलं स्वयंपाकघर

घरातलं सगळं पाणी आधी जमिनीतल्या टाकीत आणि तिथून सच्छिद्र नळ्यांमधून मातीत जातं. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यावी लागते. उपसण्याचा खर्च मामुली असतो, पण मातीतल्या नळ्या बुजल्या तर नवी व्यवस्था करायला हजारो डॉलर लागतात, आणि जमीन चिकणमातीची असेल तर उंचवटा करून नवी यंत्रणा बांधावी लागू शकते.

आपल्या घरांत नळ्या बुजवणारी पहिली गोष्ट म्हणजे तेल. पुऱ्या-भजी तळल्यावर उरलेलं तेल सिंकमध्ये न ओतता डब्यात भरून कचऱ्यात टाका. कढया आधी कागदाने पुसा, मग धुवा. सिंकखालचं अन्न दळणारं यंत्र शक्यतो वापरू नका, त्यामुळे टाकी लवकर भरते.

दुसरी गोष्ट पाहुणे. सेप्टिकची क्षमता बेडरूमच्या संख्येवर ठरवलेली असते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून तळघरात आणखी एक खोली काढायची असेल, तर आधी काउंटीच्या आरोग्य विभागाला विचारा. गणपतीला साठ माणसं जेवायला येणार असतील, तर त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कपड्यांचं यंत्र लावू नका. गाड्या हिरवळीवर लावायच्या झाल्या तर सेप्टिकची जागा दोरीने आखून ठेवा, त्यावर एकही गाडी जायला नको. विसर्जन घरच्या घरी बादलीतच करा. शेतामागचा ओढा मोकळा दिसला तरी तो तुमचा नसतो.

वीज, प्रोपेन, इंटरनेट

१९३० च्या दशकापर्यंत खासगी वीज कंपन्या शेतांपर्यंत तारा ओढायला तयार नव्हत्या, कारण मैलभर तारेमागे दोन-तीनच गिऱ्हाइकं मिळत. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची संघीय यंत्रणा उभी राहिली, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि शेतकऱ्यांनी कर्ज घेऊन सहकारी वीज संस्था काढल्या. बार्थोलोम्यू काउंटीतही अशी संस्था आहे. वीज जोडली की तुम्ही तिचे सभासद होता, वार्षिक सभेत संचालक निवडायला तुम्हाला मत असतं आणि शिल्लक रकमेतला वाटा पुढे कधीतरी परत मिळतो. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ज्यांना आठवते, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

वीज जाणं इथे नवं नाही. वादळात फांदी पडते, हिवाळ्यात तारांवर बर्फ गोठतो. जनरेटर घ्याल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बदल-स्विच बसवून घ्या. तसा स्विच नसताना घरात सोडलेली वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर काम करणाऱ्याचा जीव जातो. तळघर असेल तर तिथला पाणी उपसणारा पंप बॅटरीवरही चालेल अशी सोय करा, कारण मोठा पाऊस आणि वीज जाणं हे बहुधा एकाच रात्री होतं. तळघराची रेडॉन वायूसाठी तपासणीही खरेदीआधीच करा. प्रमाण लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघालं तर तो वायू बाहेर सोडणारी नळी आणि पंखा बसवावा लागतो.

गावाबाहेर गॅसची नळी बहुधा नसते. अंगणात प्रोपेनची पांढरी टाकी असते, साधारण ५०० गॅलनची. ती ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, आतल्या द्रवाला प्रसरण पावायला जागा लागते. टाकी घराबरोबर विकत मिळते की कंपनीची भाड्याची आहे, हे विचारा. भाड्याची असेल तर त्याच कंपनीकडून भरून घ्यावी लागते. दर उन्हाळ्यात ठरवून घ्या आणि काटा ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. २०१३ च्या शरदात मका ओला निघाला, तो वाळवायला भरपूर प्रोपेन गेला आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. त्या हिवाळ्यात मिडवेस्टभर प्रोपेनची टंचाई झाली आणि भाव भडकले.

घरून काम करणाऱ्यांसाठी इंटरनेटचा प्रश्न छताइतकाच महत्त्वाचा. काही सहकारी वीज संस्थांनी स्वतः फायबर टाकला आहे, तर काही रस्त्यांवर उपग्रहाशिवाय पर्याय नाही. नकाशावर 'उपलब्ध' लिहिलेलं पुरेसं नाही. त्या घराच्या पत्त्यावर जोडणी देऊ, असं कंपनीकडून लेखी घ्या आणि शेजाऱ्याला प्रत्यक्ष वेग किती मिळतो ते विचारा.

ओढे, चर आणि पूर

ही जमीन इतकी सपाट आहे की पाण्याला जायला वाट करून द्यावी लागते. शेतांखाली निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं असतं, पूर्वी भाजलेल्या मातीच्या, आता प्लॅस्टिकच्या. त्या तुमच्या अंगणाखालूनही गेलेल्या असू शकतात. तलाव खणताना किंवा झाड लावताना एखादी नळी फुटली तर शेजाऱ्याच्या शेतात पाणी साचतं आणि वाद तुमच्या दारात येतो. खणण्याआधी ८११ वर फोन करावा. तारा आणि गॅसनळ्यांच्या खुणा मोफत करून मिळतात. शेतातल्या निचऱ्याच्या नळ्या मात्र त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी जुन्या मालकाला आणि काउंटी सर्व्हेअरला विचारा.

इंडियानात काही चर आणि नळ्या काउंटीच्या देखभालीत असतात. अशा चराच्या दोन्ही काठांपासून ७५ फुटांपर्यंत यंत्रं आणण्याचा हक्क काउंटीला असतो. त्या पट्ट्यात तुम्हाला कायमची शेड किंवा गॅरेज बांधता येत नाही. तीन एकरांच्या कडेने असा चर जात असेल, तर वापरायला तीन एकर उरत नाहीत.

ज्या ओढ्यावरून या टाउनशिपला नाव मिळालं, तो हॉ क्रीक खाली कोलंबसमध्ये जातो. ७ जून २००८ रोजी अतिवृष्टीनंतर त्याला असा पूर आला की शहरातलं मुख्य रुग्णालय रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद राहिलं. ओढा उन्हाळ्यात घोटाभर पाण्याचा दिसतो, त्यावरून अंदाज बांधू नका. घर पूररेषेत आहे का ते संघीय नकाशावर बघा. नेहमीच्या गृहविम्यात पूर येत नाही. राष्ट्रीय पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनंतर लागू होतो. घराच्या कर्जासोबत घेतला तर ही मुदत नसते.

आग, रुग्णवाहिका, शेरीफ

गावाबाहेर पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ. आग लागली तर येणारे बहुतेक स्वयंसेवक. होपचं अग्निशमन दलही स्वयंसेवकांचंच. शेतकरी, मेकॅनिक, शिक्षक फोन वाजला की काम टाकून निघतात. नळाचं पाणी नसलेल्या भागात ते टँकरने पाणी आणतात.

याचा थेट संबंध विम्याशी आहे. अग्निसुरक्षेचे १ ते १० असे वर्ग असतात, १ सर्वांत चांगला, १० म्हणजे मान्य सुरक्षा नाही. केंद्र पाच मैलांच्या आत आहे का, जवळ अग्निशमनाच्या पाण्याचा खांब (हायड्रंट) आहे का, यावर हप्ता बदलतो. सही करण्याआधी विम्याचा लेखी दर मागवा.

घराचा क्रमांक रस्त्याच्या कडेला, दोन्ही बाजूंनी दिसेल असा, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पाटीवर लावा. घरापर्यंतची वाट अग्निशमनाची गाडी येईल इतकी रुंद हवी, फांद्या छाटलेल्या हव्यात. भारतातून आलेल्या आई-बाबांना ९११ वर सगळ्यात आधी पत्ता सांगायला शिकवा आणि तो फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे शेजाऱ्याला विचारा. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल तर या उत्तरावरच निर्णय घ्या.

रस्त्यावर

जुलै ते सप्टेंबर मका डोक्यापेक्षा उंच असतो आणि चौकात बाजूचा रस्ता अजिबात दिसत नाही. थांबण्याची पाटी नसली तरी वेग कमी करा. कापणीच्या दिवसांत रुंद यंत्रं रस्त्यावर येतात. मागे नारिंगी त्रिकोण दिसला म्हणजे ते वाहन ताशी २५ मैलांपेक्षा हळू चालणारं आहे. तुम्ही ५५ ने जात असाल आणि ट्रॅक्टर १५ ने, तर ४०० फुटांचं अंतर सात सेकंदांत संपतं. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी आणि पहाटे हरणं आडवी येतात. ब्रेक दाबा, स्टीअरिंग फिरवू नका. हरणाला चुकवायला गेलेली गाडी झाडावर जाते.

बर्फ पडला की आधी राज्य महामार्ग साफ होतात, मग काउंटीचे मुख्य रस्ते आणि तुमचा रस्ता शेवटी. उघड्या शेतांवरचा वारा साफ केलेला रस्ता तासाभरात पुन्हा भरतो. इंडियानात काउंटी प्रवासाचे तीन इशारे देते: पिवळा म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे गरजेपुरतंच, लाल म्हणजे आपत्कालीन कामावरच्या लोकांखेरीज कोणी बाहेर पडायचं नाही. धुकं किंवा बर्फ असेल तर शाळा दोन तास उशिरा उघडते. दोघंही नोकरी करत असाल तर त्या सकाळचा बंदोबस्त आधीच ठरवून ठेवा.

टोर्नेडोचा भोंगा घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, बंद घरात झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या आणि तळघरातली एक जागा ठरवून ठेवा.

शेजार शेतकऱ्यांचा

मागचं शेत हे दृश्य नसून कोणाची तरी रोजी आहे. वसंतात शेणखताचा वास येईल, फवारणी होईल, ऑक्टोबरात मध्यरात्रीपर्यंत यंत्रं चालतील. इंडियानात आणि शेजारच्या राज्यांत चालू शेतीला अशा तक्रारींपासून कायद्याचं संरक्षण आहे. फवारणी कधी आहे हे आधी कळवाल का, असं शेतकऱ्याला सरळ विचारा. बहुतेक कळवतात. बर्फात अडकलेली तुमची गाडी ओढायला पहिला ट्रॅक्टरही त्याचाच येईल.

भाजीपाल्यासाठी काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात जा. १९१४ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर उभी राहिली आणि इंडियानात पर्ड्यू विद्यापीठाचं असं कार्यालय सगळ्या ९२ काउंटींत आहे. मातीची तपासणी कशी करायची, टोमॅटोवर रोग कोणता, हे तिथे कळतं. मेथी-कोथिंबीर वसंतात आणि पुन्हा ऑगस्टअखेर पेरा. भेंडी मात्र दंव संपून माती तापल्यावर, मे उजाडल्यानंतरच. मुलांसाठी ४-एच हा उपक्रमही याच कार्यालयाचा. जुलैच्या काउंटी जत्रेत स्वतः वाढवलेली कोंबडी घेऊन मूल एकदा उभं राहिलं की तुम्ही त्या गावचे होता.

ग्रंथालयाचं विचारून घ्या. इंडियानातल्या काही टाउनशिपा कुठल्याच ग्रंथालयाच्या करात नाहीत आणि तिथल्या लोकांना कार्डासाठी पैसे भरावे लागतात.

सही करण्याआधी

नेहमीच्या घरतपासणीत बोअर आणि सेप्टिक बहुधा धरलेले नसतात. खरेदीच्या प्रस्तावातच या दोन्हींची स्वतंत्र तपासणी, पाण्याचा अहवाल, रेडॉन आणि जमिनीची मोजणी या अटी लिहून घ्या. मग या क्रमाने फोन करा:

१. काउंटीचा आरोग्य विभाग: सेप्टिकचा परवाना आणि आराखडा नोंदीत आहे का, किती बेडरूमचा?

२. काउंटी सर्व्हेअर: जमिनीतून किंवा कडेने काउंटीचा चर जातो का?

३. नियोजन विभाग: आजूबाजूची जमीन कुठल्या वापरासाठी आहे, कुठला अर्ज प्रलंबित आहे का?

४. विमा एजंट: अग्निसुरक्षेचा वर्ग, पूररेषा, वार्षिक हप्ता.

५. वीज संस्था, प्रोपेन आणि इंटरनेट कंपनी: मागच्या वर्षीची बिलं आणि जोडणीची लेखी हमी.

६. शाळेचं वाहतूक कार्यालय: या पत्त्याला कुठली शाळा, बस किती वाजता येते?

७. ट्रस्टीचं ऑफिस: अग्निशमन आणि रुग्णवाहिका कुठून येते?

या सगळ्या फोनांना एक सकाळ पुरते. त्यानंतर त्या घरी तीन वेळा जा: जोरदार पावसानंतर, रात्री अंधारात आणि कामाच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला. पावसानंतर अंगणात पाणी कुठे साचतं ते दिसेल, रात्री रस्ता किती ओळखीचा वाटतो ते कळेल आणि सकाळी ते पंधरा-वीस मिनिटांचं अंतर खरं किती, तेही.

सगळी उत्तरं मनासारखी आली तर बिनधास्त सही करा आणि हे सगळे क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, पहिल्याच हिवाळ्यात लागतील. दोन-तीन उत्तरं अडखळत आली तर किंमत कमी करून मागा. आणि या सगळ्यामागे धावायला आपल्याकडे वेळ नाही असं प्रामाणिकपणे वाटलं, तर कोलंबसच्या हद्दीतलं छोट्या अंगणाचं घरही काही वाईट नाही. तिथे नळाला पाणी येतं, आणि नाही आलं तर ओरडायला एक नगरपालिका असते.